बॅरिकेडच्या आत काय जायला हवं

प्रश्न सोलापूर शहरात नव्याने रुजू झालेल्या एका उपनिरीक्षकाचा आहे. साथरोग पसरला तर पोलीस ठाण्याने पहिल्या दोन-तीन दिवसांत नेमकं काय करायचं, कुणाच्या हुकमाने करायचं आणि कुठे हमखास चुकतं?

सगळ्यात आधी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावून एकच गोष्ट विचारा: हा रोग पसरतो कसा? पुढचा सगळा बंदोबस्त त्या उत्तरावर ठरतो. हवेतून किंवा थुंकीच्या तुषारांतून पसरत असेल तर माणसांतलं अंतर आणि ये-जा हा आपला विषय. पाण्यातून पसरत असेल तर गल्ली बंद करून काहीच साधत नाही, तिथे टँकर आणि फुटलेली जलवाहिनी सांभाळायची. डास पसरवत असतील तर माणसं अडवणं निव्वळ व्यर्थ. २०२० नंतर एक सवय जडली आहे, साथ म्हटलं की बांबू आणि पत्रे आणायचे. गॅस्ट्रोच्या साथीत बांबू बांधले तर उलट नुकसान होतं. जुलाबाने सुकत चाललेल्या मुलाला सिव्हिलला न्यायला रिक्षा आत शिरत नाही.

आता हुकूम कुणाचा ते. साथरोग अधिनियम १८९७ चा. त्याच्या कलम २ खाली राज्य सरकार नियम काढतं आणि अंमलबजावणीचे अधिकार देतं. शहरात ते महापालिका आयुक्तांकडे येतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ लावला असेल तर जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी हुकूम काढतात. जमावबंदी किंवा संचारबंदीचा आदेश, म्हणजे पूर्वीचं १४४ आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, शहरात पोलीस आयुक्त काढतात आणि ग्रामीणमध्ये दंडाधिकारी. कोणता हुकूम कोणाचा हे स्टेशन डायरीत पहिल्याच दिवशी, क्रमांक आणि वेळेसह लिहून ठेवा. सोलापुरात हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण आयुक्तालयाची हद्द कुठे संपते हे रस्त्यावर दिसत नाही. पूर्व भागातली विडी कामगार बाई कुंभारीच्या घरकुलात राहत असेल तर तिचं घर ग्रामीण पोलिसांकडे आणि तिचा कारखाना शहराकडे. दोन्हीकडचे हुकूम वेगळे असले तर ती सकाळी एका नाक्यावर पास होते आणि दुसऱ्यावर अडकते. दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी नाक्यावर समोरासमोर उभं राहून एकच पास चालेल असं ठरवायचं. हे काम पहिल्या दिवशीच होतं, नंतर कागद फिरत राहतात.

हवेतून पसरणाऱ्या रोगात प्रतिबंधित क्षेत्र कुठपर्यंत, हे आरोग्य खातं ठरवतं. ती रेषा जमिनीवर कशी उतरवायची हे मात्र आपल्यालाच कळतं. नकाशावर आखलेला चौकोन पेठेत टिकत नाही. जोडभावी पेठ घ्या किंवा पाच्छा पेठ, एका गल्लीतून दुसरीत निघणारे बोळ, घराच्या मागच्या दारातून उघडणारे चौक, यंत्रमागाच्या शेडमधून आरपार जाणारी वाट. बॅरिकेड मागवायच्या आधी बीट अंमलदाराला घेऊन ती रेषा पायी फिरा आणि प्रत्येक तोंड मोजा. साधारण अडीचशे घरांच्या भागाला आठ-दहा तोंडं निघतात. त्यातलं ये-जा करायला एकच ठेवायचं, तातडीसाठी आणखी एक, आणि बाकीची बंद.

बंद म्हणजे कायमची ठोकून बंद नव्हे. अग्निशमनाचा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो आणि त्याला वळायला जागा लागते, म्हणून तातडीच्या वाटेला किमान साडेतीन मीटर मोकळे ठेवा आणि तिथे चाकांचं बॅरिकेड लावा. खिळे ठोकलेले पत्रे रात्री दोन वाजता कोणी उपटायचे? शॉर्टसर्किट होतं, बाळंतपणाच्या कळा येतात. उभ्या असलेल्या दोन माणसांना ते बॅरिकेड एका मिनिटात सरकवता आलं पाहिजे, आणि हे एकदा घड्याळ लावून करून बघा.

मनुष्यबळाचा हिशेब सोपा आहे. एका पॉइंटला दोन जण, तीन पाळ्या, म्हणजे सहा. चार पॉइंट धरले तर चोवीस, आणि वर रजा-आजाराला सहा. मुख्य तोंडावर प्रत्येक पाळीत एक महिला अंमलदार हवीच. आत-बाहेर करणाऱ्यांत बायका जास्त असतात, आणि अडचण काय आहे ते त्या पुरुष हवालदाराला सांगत नाहीत. इतकी माणसं ठाण्यात नसतातच. म्हणून बंद तोंडांवर होमगार्ड, आणि मोठा बंदोबस्त लागला तर सोरेगावच्या राज्य राखीव दलाकडे आयुक्तालयामार्फत मागणी. राखीव दलाच्या जवानाला गल्ली माहीत नसते, त्याच्या सोबत बीटचा एक माणूस द्या. नाहीतर दूधवाल्याशी भांडण होतं.

आता मुख्य गोष्ट. बॅरिकेड बाहेरच्या माणसांना थोपवतं, पण ते टिकतं की मोडतं हे आत काय पोहोचतं यावर ठरतं. अडीचशे घरं म्हणजे हजार-बाराशे माणसं. घरटी अर्धा लिटर धरला तरी रोज सव्वाशे लिटर दूध लागतं. एक सिलिंडर चाळीस दिवस पुरतो असं धरलं तर रोज सहा-सात घरांचा गॅस संपतो. मधुमेहाची औषधं, क्षयरोगाच्या रोजच्या गोळ्या, डायलिसिसची पाळी, दिवस भरत आलेल्या बायका. ही यादी आशाताईंकडे जवळजवळ तयार असते. पहिल्याच संध्याकाळी ती घ्या आणि त्यातल्या प्रत्येकाला कोण, कधी, कोणत्या गाडीने नेणार ते लिहा. पाण्याचं तर विचारूच नका. सोलापुरात अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ज्या पहाटे पाणी येतं त्या पहाटे गल्लीतलं सगळं जग बाहेर असतं, आणि त्या दोन तासांत लाठी उगारून उपयोग नाही. पाण्याची वेळ पाणीपुरवठा विभागाकडून आदल्या दिवशी घ्या. सार्वजनिक नळ असेल तिथे चुन्याने हातभर अंतरावर नव्हे, चांगले दोन मीटर अंतरावर गोल आखा, आणि घागरी रांगेत ठेवून माणसांना सावलीत उभं राहू द्या.

पूर्व भागातली आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याच्या लक्षात येत नाही. सकाळी नऊच्या सुमाराला बॅरिकेडशी एक बाई येते, हातात कापडाने झाकलेली टोपली. टोपलीत बांधलेल्या विड्या असतात. कारखान्याने दिलेली पानं आणि तंबाखू तिने घरी आणलेली असतात. पानं भिजवून, मऊ झाली की कात्रीने मापात कापून, वळून, दोऱ्याने बांधून ती माल परत द्यायला निघालेली असते. हजार विड्यांवर मजुरी. माल दिला नाही तर पैसा नाही, नवीन पान नाही, आणि घरी भिजवून ठेवलेली पानं वाया जातात. तिला ‘घरी बसा’ म्हटलं की ती मागच्या बोळातून जाते. तिच्या मागून दहा जणी जातात, आणि ज्या बोळावर होमगार्ड एकटा आहे तिथे गर्दी होते. यावर उपाय आहे. कारखान्याच्या माणसाला ठरल्या वेळी बॅरिकेडवर बोलवा, मोकळ्या जागेत टेबल मांडा, प्रत्येक गल्लीला अर्धा तास द्या. माल बाहेर जातो, पान आत येतं, माणूस आतच राहतो. ज्याला पोलिसी भाषेत ‘उल्लंघन’ म्हणतात त्यातलं निम्मं अशा एका टेबलाने थांबतं.

हुकूम लोकांपर्यंत पोहोचवणं हे काम आपण नेहमी घाईत उरकतो. सोलापुरात तेच मराठीतलं निवेदन तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही द्यावं लागतं, आणि ते रस्त्यावर बोलतात त्या भाषेत, छापील सरकारी भाषेत नाही. प्रत्येक निवेदन चाळीस सेकंदांच्या आत. त्यात चारच गोष्टी: काय बंद, काय चालू, किती दिवस, आणि अडचण आली तर कुठे फोन करायचा. आजाऱ्यासाठी १०८, बाकी तातडीसाठी ११२. रुग्णाचं नाव, आडनाव, धर्म, घर नंबर चुकूनही नको. एकदा नाव गेलं की पुढचा रुग्ण ताप लपवतो.

निवेदन नीट होण्याला कायद्याचंही कारण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या १८८ खाली, गुन्हा शाबीत व्हायला आरोपीला हुकूम माहीत होता हे दाखवावं लागतं. म्हणून हुकूम चिकटवल्याचा तारीख-वेळ दिसणारा फोटो काढा, आणि भोंगा लावलेली गाडी कोणत्या गल्लीतून किती वाजता गेली ते डायरीत लिहा. दुसरी अडचण याहून मोठी आहे. सुरक्षा संहितेच्या कलम २१५ प्रमाणे, म्हणजे जुन्या १९५ प्रमाणे, या गुन्ह्याची दखल न्यायालय फक्त ज्या लोकसेवकाचा हुकूम मोडला त्याच्या, त्याच्या वरिष्ठाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या लोकसेवकाच्या लेखी फिर्यादीवर घेतं. नुसता एफआयआर आणि दोषारोपपत्र पुरत नाही. २०२० मध्ये राज्यभर १८८ चे गुन्हे ढिगाने दाखल झाले, त्यांतल्या किती कागदांना ही फिर्याद जोडलेली होती याचा विचार करा. शेवटी असे खटले मागे घेण्याचा निर्णय सरकारनेच केला. गुन्हा दाखल करायचाच असेल तर त्याच दिवशी सक्षम अधिकाऱ्याची लेखी फिर्याद तयार करून घ्या.

शिक्षाही बघून ठेवा. कलम २२३ खाली साध्या उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जीविताला किंवा आरोग्याला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रोग पसरेल असं निष्काळजी कृत्य न्याय संहितेच्याच कलम २७१ मध्ये येतं, जाणूनबुजून दुष्टपणे केलेलं २७२ मध्ये, विलगीकरणाचा नियम मोडणं २७३ मध्ये. यांतलं २७३ अदखलपात्र आहे, हे अनेक ठाण्यांत विसरलं जातं. यांतल्या कशातही उठसूट अटक नाही. सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस द्या आणि सोडा. साथीत कोठडी भरणं म्हणजे रोगाला दार उघडून देणं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली गर्दी कमी करायला सांगितलं होतं, ते याच कारणाने.

लाठीबद्दल स्पष्ट लिहितो. दुकान वेळेनंतर उघडं ठेवलं या कारणावरून जून २०२० मध्ये तमिळनाडूतल्या साथनकुळम इथे बाप-लेकाला ठाण्यात नेलं, आणि दोघेही मेले. रोगाने गेले नाहीत. उठाबशा, रस्त्यात रांगायला लावणं, गाडीची हवा सोडणं याला कोणत्याही कायद्यात जागा नाही, आणि त्याने साथ एका दिवसानेही लवकर आटोक्यात येत नाही. पुण्याचं १८९७ आठवा. प्लेगच्या तपासणीला गोरे सैनिक घरात शिरले, बायकांची अब्रू, देवघर, भांडीकुंडी काही बघितलं नाही. लोकांनी आजारी माणसं लपवली, आणि २२ जूनला रँडवर गोळी चालली. साथरोग अधिनियम त्याच वर्षीचा आहे. कायदा राबवताना त्याच्या जन्माची ही गोष्ट डोळ्यांसमोर असावी.

घरोघरच्या सर्वेक्षणात आपली जागा दाराशी नसते. दोन आशाताई किंवा परिचारिका पुढे, अंमलदार वीसेक पावलं मागे, शक्यतो महिला, आवाजाच्या टप्प्यात पण घरातून दिसणार नाही अशी. दारात खाकी दिसली की ‘घरात सगळे बरे आहेत’ हेच उत्तर मिळतं. संपर्क शोधायलाही तेच. फोनचे तपशील काढण्याआधी माणसाशी बोला. शिवणयंत्राच्या आवाजात, चहा घेता घेता, आठवडाभर कोण भेटलं ते माणूस स्वतःहून सांगतो. तो फरार आरोपी नाही, आजारी माणूस आहे.

पथकावर हल्ला झाला तर मात्र हयगय नको. साथरोग अधिनियमाच्या २०२० च्या सुधारणेने आरोग्यसेवकावरचा हिंसाचार दखलपात्र आणि अजामीनपात्र केला आहे. तीन महिने ते पाच वर्षं आणि ५०,००० ते दोन लाख दंड, गंभीर दुखापत असेल तर सहा महिने ते सात वर्षं आणि एक ते पाच लाख. तपास निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही आणि तो तीस दिवसांत संपवायचा असतो. उपनिरीक्षकाने पंचनामा सुरू केला आणि पुढे तसाच तपास राहिला, तर बचाव पक्षाला आयतं मिळतं. मालमत्तेच्या नुकसानाची भरपाई बाजारभावाच्या दुप्पट आहे, म्हणून फुटलेली गाडीची काच, ऑक्सिमीटर, मोबाइल यांची किंमत पंचनाम्यातच लिहा आणि बिलं जोडा. ‘अंदाजे नुकसान’ असं लिहून सोडलं की न्यायालयाकडे दुप्पट करायला आकडाच राहत नाही.

मृत्यूंकडे वळतो. रुग्णालयात निदान होऊन झालेल्या मृत्यूला अपघात, विषप्रयोग, कोठडी असा काही संशय नसेल तर अकस्मात मृत्यूची नोंद आणि मरणोत्तर पंचनामा लागत नाही. शव विनाकारण अडवून ठेवू नका. नातेवाइकांना पिशवीची चेन उघडून चेहरा दाखवता येतो, कोविडच्या केंद्रीय सूचनांतही ती मुभा होती, आणि अस्थींपासून धोका नसतो हेही त्यांत होतं. दर्शन नाकारलं तर शवागाराबाहेर जमाव जमतो, आणि तो पांगवायला आपल्यालाच जावं लागतं. मोदी किंवा रूपाभवानी स्मशानभूमीच्या आसपासचे लोक विरोध करतील असं वाटलं तर आदल्या दिवशीच त्यांच्यातल्या चार वडीलधाऱ्यांना आरोग्य अधिकाऱ्यांसमोर बसवा. लिंगायत कुटुंबात बसवून दफन करतात, शव पिशवीत असताना ते कसं करायचं हे खड्ड्याच्या काठावर ठरत नाही. जंगमांशी, म्हणजे त्यांच्या पुरोहितांशी, आधी बोलावं लागतं. अंत्यविधीत अडथळा आणणं हा न्याय संहितेच्या कलम ३०१ चा गुन्हा आहे, पण तिथे कलम वाचून दाखवायची वेळ आली म्हणजे उशीर झाला असं समजा.

पाण्याच्या रोगांबद्दल थोडं. शहरात जलवाहिनी फुटून सांडपाणी मिसळलं की एकाच भागात दोन दिवसांत जुलाबाचे रुग्ण वाढतात. पोलिसांचं काम टँकर भरण्याच्या ठिकाणी आहे. क्लोरिन तपासल्याची चिठ्ठी नसेल तर टँकर बाहेर पडू द्यायचा नाही. क्लोरोस्कोपच्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिन हे रसायन, आणि क्लोरिन असेल तर पिवळा रंग. साथीच्या काळात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम शिल्लक क्लोरिन हवं. ही तपासणी पालिकेचा कर्मचारी करतो, पण नळी हातात धरून पिवळा रंग कसा दिसतो ते अंमलदाराने एकदा बघून ठेवावं. आषाढीला पंढरपुरात हेच काम कितीतरी पटींनी वाढतं. वाखरी ते पंढरपूर रस्त्यावर आणि वारकऱ्यांच्या मुक्कामाच्या ६५ एकरात टँकर व रुग्णवाहिका यांची वाट दिंड्यांच्या वाटेत मिसळू न देणं हे ग्रामीण पोलिसांचं रोगप्रतिबंधाचं सगळ्यात मोठं काम. तिथे एकही बॅरिकेड रोग अडवण्यासाठी नसतं, पाणी पोहोचवण्यासाठी असतं.

डेंग्यूत तर आपणच कारण ठरू शकतो. ठाण्याच्या आवारात जप्त वाहनं पडून असतात. पावसानंतर चार दिवसांनी जप्त रिक्षाच्या लोंबलेल्या हुडात डोकावा. मूठभर पाणी साचलेलं, त्यात डोकं खाली करून लटकलेल्या अळ्या. हाताची सावली पडली की त्या वळवळत तळाला जातात. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, आणि हा डास दिवसा चावतो, म्हणजे पहिला नंबर ठाणे अंमलदाराचा. म्हणून दर आठवड्याला एक वार ठरवून हुड, टायर, टपाचे खड्डे, बादल्या रिकाम्या करायच्या. टायरला भोक पाडता येत नाही, तो मुद्देमाल असतो. ताडपत्री ताणून बांधा, सैल बांधली तर तिच्यावरच तळी साचतात. खरा उपाय वाहनं हलवणं हा आहे. वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवू नका, पंचनामा आणि फोटो करून बंधपत्रावर परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय, आणि सुरक्षा संहितेचं कलम ४९७ तोच मार्ग देतं. पावसाळ्याआधी, एप्रिलमध्येच अर्ज करा.

आपली माणसं. ठाण्यातले तीन गट करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका, हजेरीलासुद्धा. एक कामावर, एक राखीव, एक घरी. एकाला लागण झाली तर एक गट जातो, ठाणं बंद पडत नाही. वायरलेस, गाडीचा चालक, ठाणे अंमलदार या जागांवर माणसं रोज बदलली की गट केल्याचा उपयोग राहत नाही. पंचावन्नच्या पुढचे, मधुमेही, रक्तदाबाचे यांना पॉइंटवर लावू नका, त्यांना फोनवर बसवा. बॅरिकेडवर अंगभर पीपीई घालायचा नाही. सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, त्या सूटमध्ये माणूस तासाभरात कोसळतो, आणि उघड्यावर त्याची गरजही नसते. चांगला मास्क, सावलीचा मांडव, पाण्याचा जार, ओआरएसची पाकिटं. सूट लागतो तो रुग्ण किंवा शव उचलताना. तो काढताना आधी हातमोजे, मग सूट आतली बाजू बाहेर गुंडाळत, मग चष्मा, सर्वांत शेवटी मास्क, आणि प्रत्येक टप्प्यानंतर हात धुणं. लागण बहुतेक वेळा काढतानाच होते. कोठडीची फरशी पुसायला ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर लिटरला ३० ग्रॅम, दहा मिनिटं ओली राहू द्या. बेड्या आणि वायरलेस संच त्याने गंजतात, त्यांना ७० टक्के अल्कोहोल. माणसांच्या अंगावर यातलं काहीही फवारायचं नाही.

शेवटी प्रतिबंध उठतो तेव्हाचं काम कोणी सांगत नाही. उठवल्याचा लेखी हुकूम आला की त्याच दिवशी, दुसऱ्या नाही, दारांवरचे स्टिकर आणि कोपऱ्यावरचे फलक अंमलदाराने स्वतः काढायचे. महिनाभर राहिलेल्या स्टिकरमुळे त्या घरातल्या मुलीचं स्थळ मोडतं, मुलाला यंत्रमागावर कामाला घेत नाहीत. बांबूंचे खड्डे बुजवा. रुग्णांच्या नावांच्या याद्या बीटच्या वहीत, अंमलदारांच्या मोबाइलवर, ठाण्याच्या टेबलावरच्या काचेखाली राहिलेल्या असतात. त्या एकेक गोळा करून आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन परत द्या, आणि फोनमधल्या प्रती समोर उभं राहून पुसून घ्या.